दुरुस्तीला न येणारं धनुष्य

माझ्या थोरल्या जावेने क्रॉसबो, म्हणजे चापाचं धनुष्य, घ्यायचं ठरवलं तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती, तिच्या उजव्या खांद्यात तीन स्क्रू होते, आणि घरातल्या एकाही पुरुषाला तिने विचारलं नव्हतं.

तिचं नाव ब्लिया शाँग. आम्ही दोघी लोर आडनावाच्या घरात दिलेल्या, पण आम्हा ह्माँग जमातीच्या बायकांचं आडनाव माहेरचंच राहतं. ती शाँग, मी किया थाओ. तिचा नवरा वा मेंग आणि माझा नवरा फेंग सख्खे भाऊ. लाओस सोडून आम्ही येऊन राहिलो त्या वॉसॉ गावात दोन गल्ल्यांच्या अंतरावर आमची घरं. वा मेंग होता तोवर दर हिवाळ्यात त्यांच्या फ्रीजरमध्ये दोन हरणं असायची. तो गेला. मग दोन वर्षं फेंग आणि त्याचे चुलतभाऊ शिकारीहून परतले की ब्लियाच्या पायरीवर एक पिशवी ठेवून जायचे. मानेचं मांस, थोड्या बरगड्या. वर फेंगचा एक उपदेश फुकट: गॅस बंद करत जा, दाराला कडी लावत जा, पोरींना फोन करत जा. ब्लिया मान डोलवायची. पिशवी आत नेताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते फक्त मी पाहिलंय.

ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही सगळे तिच्याच अंगणात जेवत होतो. उकडलेलं डुकराचं मांस, मोहरीचा पाला, चिकट भात. पुरुष टेबलावर जंगलाचा नकाशा पसरून बसले होते. ब्लियाने मिरचीची वाटी आणली आणि ती नकाशाच्या मधोमध ठेवली.

"यंदा मीही येणार," ती म्हणाली. "धनुष्याच्या हंगामाला."

आधी कुणाला कळलंच नाही. मग फेंग हसला. "वहिनी, तुमचा हात डोक्यावर जात नाही. केस किया विंचरून देते. धनुष्य काय दातांनी ओढणार?"

चुलतभावांना तेवढंच हवं होतं. एकाने दात विचकून दोरी ओढल्याची नक्कल केली.

"नेंग घेणार आहे," ब्लिया म्हणाली. क्रॉसबोला आमच्याकडे नेंग म्हणतात. "यंदापासून त्याचं लायसन्स सगळ्यांना मिळतंय. आतापर्यंत म्हाताऱ्यांना आणि लंगड्यालुळ्यांनाच मिळत होतं. तसं तर मी तेव्हाही निम्मी बसत होते त्यात."

"बाईचा हात लागला की नेंगचा नेम जातो. म्हातारी माणसं सांगायची."

"कुठली म्हातारी माणसं? नाव सांगा, भावजी."

फेंगने चुलतभावांकडे पाहिलं.

"नाही ना सुचत? मग मी सांगते. चा येर शाँग. माझा बाप. लाओसमध्ये तीन डोंगरांतली माणसं त्याच्याकडून नेंग करून घ्यायची. त्यांच्या दोऱ्या मी वळायची, या मांडीवर. सात वर्षांची होते. त्या नेंगने मारलेलं भेकर तुमच्या वडिलांनीसुद्धा खाल्लंय, आणि हाडं चोखून खाल्लंय."

फेंगने वाटी उचलून बाजूला ठेवली आणि नकाशा घडी करून खिशात घातला. "तुमचं डोकं फिरलंय," एवढंच म्हणाला. घरी येताना गाडीत मला म्हणाला, "तिला समजाव." मी म्हटलं, बरं.

समजावलं नाही. पुढच्या शनिवारी मी तिला दुकानात घेऊन गेले.

पहिलं दुकान हायवेलगतचं, मोठं. भिंतभर क्रॉसबो टांगलेले, पानापाचोळ्याच्या रंगात रंगवलेले, एकेकावर दुर्बिणी. विक्रेता पंचविशीतला, गोड बोलणारा. त्याने विचारलं, "मिस्टरांसाठी बघताय का?" विचारलं मला, कारण माझं इंग्रजी त्याला बरं वाटलं असावं.

"मिस्टर मेले," ब्लिया म्हणाली. "माझ्यासाठी."

तो दोन पावलं मागे सरकला आणि मग त्याने भिंतीवरचा सगळ्यात महागडा काढून दाखवला. अरुंद, काळा, दोन्ही टोकांना चाकं. म्हणाला, हा सगळ्यात वेगवान आहे, बाण असा जातो की हरणाला आवाज ऐकायला वेळ मिळत नाही. दोरी चढवायला हँडल आहे, गरगर फिरवायचं, लहान मूलही चढवेल.

ब्लियाने हँडल फिरवून पाहिलं. दोरी चढली. तिने विचारलं, "आणि दिवसभर हरीण आलंच नाही तर? दोरी उतरवायची कशी?"

"सोपं आहे. संध्याकाळी एक जुना बाण जमिनीत मारायचा."

"रोज?"

"रोज."

"दगडाळ जमीन असली तर?"

त्याने खांदे उडवले. तिने चाकांवर बोट फिरवलं. "इथली दोरी तुटली तर घरी बदलता येते?"

"नाही नाही. त्याला मशीन लागतं. आम्ही कंपनीला पाठवतो. पाच-सहा आठवडे."

"हंगाम संपेल."

"पण तुटत नाही, बाई."

"तुटत नाही तर पाच-सहा आठवडे लागतात हे तुला कुठून माहीत?" ब्लियाने हे आमच्या भाषेत म्हटलं आणि मला भाषांतर करायला लावलं. मी थोडं मऊ करून सांगितलं. त्या पोराचा चेहरा उतरला. तो मग तिला गुलाबी रंगाचा एक हलका क्रॉसबो दाखवू लागला. बायकांसाठी खास म्हणे. आम्ही बाहेर पडलो.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "विकणाऱ्याला विचारून काही उपयोग नाही. दुरुस्त करणाऱ्याला विचारायला हवं."

असा माणूस होता. रोमन लिटर्स्की, सत्तरीचा, पोलिश. गावाबाहेर त्याच्या घरामागच्या शेडमध्ये तो आयुष्यभर धनुष्यं विकत आणि दुरुस्त करत आला होता. आम्ही गेलो तेव्हा तो स्टुलावर बसून सँडविच खात होता. उठला नाही.

ब्लियाने नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. "तुमच्याकडे दुरुस्तीला कुठले येतात?"

त्याने सँडविच धरलेल्या हाताने मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे दहा-बारा क्रॉसबो लटकले होते, प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली. त्यात मघाच्या त्या काळ्या चाकवाल्याचे तीन भाऊबंद होते.

"आणि कुठले येत नाहीत?"

आता तो उठला. सँडविच कागदात गुंडाळलं, हात पुसले. कोपऱ्यातून एक आडवातिडवा, रुंद क्रॉसबो काढून टेबलावर ठेवला. चाकं नाहीत. एक कमान, एक दोरी, एक दस्ता, पुढे पाय अडकवायला लोखंडी रिकीब. टोकं पुढे वळलेली. माझ्या डोळ्यांना तो म्हाताराच वाटला.

"हा येत नाही," लिटर्स्की म्हणाला. "दोरी घरी बदलता येते. तुटण्यासारखं त्याच्यात फार काही नाहीच. पण आधीच सांगतो बाई, रुंद आहे, झुडपात अडकतो. आवाज करतो. त्या वेगवानांपुढे बैलगाडी आहे. लोक बघतात आणि परत ठेवतात."

"पंचवीस पावलांच्या पलीकडे मी मारणार नाही. बैलगाडी पोचेल तिथवर."

त्याला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. "दोरी चढवायला जोर लागतो. तुमचा खांदा धड दिसत नाही. हँडल जोडून देतो मी."

"हँडल नको. मोडेल अशी आणखी एक वस्तू कशाला?"

तिने क्रॉसबो उभा धरला, रिकिबीत एक पाय घातला, दोरी चढवायचा दोन मुठींचा दोर तिला अडकवला आणि ओढला. दोरी निम्मी आली. खांदा थरथरला, तिने ओठ चावला, दोरी परत गेली. पुन्हा ओढलं, पुन्हा परत. लिटर्स्की म्हणाला, "राहू द्या." मीही म्हटलं, "जाऊबाई, राहू द्या ना."

तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. चपला काढल्या, बूट मागितले. लिटर्स्कीने बायकोचे जुने बूट आणून दिले. ते घालून ती शेडच्या सिमेंटच्या जमिनीवर बसली. दोन्ही पाय रिकिबीत घातले, गुडघे वाकवले, दोराच्या दोन्ही मुठी पोटाशी धरल्या आणि हात न हलवता, पाय ताणत पाठीने मागे रेलली. वल्हं मारतात तशी. खट् असा आवाज झाला. दोरी चढली होती.

"आमच्याकडे असंच चढवतात," ती जमिनीवरूनच म्हणाली.

लिटर्स्कीने वाकून ती दोरी पाहिली. मग म्हणाला, "चाळीस वर्षं हा धंदा करतोय. बसून चढवताना कुणाला पाहिलं नव्हतं."

तिने त्याच पद्धतीने आणखी अकरा वेळा चढवली, आणि तोच दोर लावून हळूहळू उतरवलीही. या क्रॉसबोची दोरी बाण न मारता उतरवता येत होती, आणि तिला तेच हवं होतं. मग मागच्या अंगणात वीस पावलांवरच्या गवताच्या गठ्ठ्यावर सहा बाण मारले. पहिले दोन डावीकडे गेले. वर लावलेली दुर्बीण लिटर्स्कीने सरळ करून दिल्यावर उरलेले चार माझ्या तळहाताखाली झाकले गेले असते.

मला वाटलं झालं. लिटर्स्कीलाही वाटलं असणार, कारण तो पावतीपुस्तक शोधू लागला. ब्लियाने मात्र डोक्याचा रेशमी रुमाल सोडला आणि कमानीच्या एका पात्यावरून हलकेच फिरवायला सुरुवात केली, वरून, खालून, कडेने. डावं पातं झालं. उजव्या पात्याच्या टोकाजवळ रुमालाचा एक धागा अडकला.

"इथे चीर आहे."

"शक्य नाही," लिटर्स्की म्हणाला. "नवा आहे तो. अजून कुणी वापरला नाही."

तिने रुमाल पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच अडकला. लिटर्स्कीने चष्मा बदलला, भिंग आणलं, दिव्याखाली धरलं. केसापेक्षा बारीक रेघ होती. आज काही झालं नसतं. दोनशेव्या, तीनशेव्या बाणाला पातं तिच्या गालाजवळ फुटलं असतं.

म्हातारा लाल झाला. रागाने नाही. त्याने मुकाट्याने एक चिठ्ठी लिहिली, क्रॉसबोला बांधली आणि तो मागच्या भिंतीवर लटकवला. "दुसरा मागवतो. नऊ-दहा दिवस लागतील. आणि तो आला की तुमच्यासमोर उघडतो. तुमचा तो रुमाल घेऊन या."

तो आला, तिने तपासला, आणि घरी नेला.

आठवड्याभरात फेंगला कळलं. तो तिच्या घरी गेला आणि मी त्याच्या मागोमाग गेले. क्रॉसबो स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता, ती दोरीला मेण लावत होती. फेंगने तो उचलला, खांद्याला लावून पाहिला, वजन पाहिलं. चांगला आहे हे त्याला कळलं. मला त्याच्या तोंडावर दिसलं.

"वहिनी, एक सांगतो. हा माझ्याकडे द्या. तुमचं लायसन्स असू दे नुसतं नावाला. मी तुम्हाला यंदा दोन हरणं आणून देतो, अख्खी. मान-बरगड्या नाही."

"म्हणजे मान-बरगड्या देत होता हे तुम्हाला माहीत होतं."

फेंगने क्रॉसबो खांद्यावरून खाली घेतला. मग त्याचा आवाज चढला. "आमच्या गटात कुणी तयार नाही. बाई बरोबर असली की माणसांना मोकळेपणा राहत नाही. आणि एकटी जाणार असाल तर लोरांची अब्रू जाते. लोक म्हणतील, भावाच्या बायकोला जंगलात सोडलं, घरात पुरुष उरले नाहीत का."

"पुरुष आहेत की. पाच आहेत. गेल्या वर्षी पाच जणांत तीन हरणं आली." तिने मेणाची वडी खाली ठेवली. "भावजी, एकतीस वर्षं मी या घरात आहे. तुमच्या आईचं सगळं केलं, तुमच्या भावाचं केलं. यातलं काहीही करताना मला कुणी विचारलं नाही की जमेल का. हे जमेल का ते मीच बघेन."

"पडलात, खांदा मोडला, मग?"

"मग पडेन."

"आणि हरीण पडलं तर ओढणार कोण?"

"मी," मी म्हटलं.

फेंगने वळून माझ्याकडे असं पाहिलं की जणू टेबल बोललं. सव्वीस वर्षांच्या संसारात त्याच्या तोंडावर, तेही दुसऱ्याच्या घरात, मी उलट बोलले नव्हते. पण शब्द तोंडातून गेला होता आणि मला तो परत घ्यावासा वाटेना.

"तू?"

"मी. माझे दोन्ही खांदे धड आहेत."

त्याने क्रॉसबो टेबलावर ठेवला. नीट ठेवला, ते मात्र सांगायला हवं. आणि निघून गेला. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते तीन दिवस सोपे गेले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सुरुवात केली. पहाटे निघायचं, उजाडायच्या आत सरकारी जंगलात जाऊन बसायचं. पहिल्याच सकाळी गाड्या लावायच्या जागेवर एक दाढीवाला भेटला, त्याच्या ट्रकमध्ये कुत्रा. त्याने विचारलं, "बायांनो, वाट चुकलात का?" ब्लियाने लायसन्स काढून त्याच्यासमोर धरलं आणि विचारलं, "नाही. तुम्ही?" तो बिचारा खरंच चुकला होता. आम्ही त्याला रस्ता दाखवला.

जागा तिने सप्टेंबरात हेरून ठेवली होती. ओकची झाडं, खाली बोंडं, आणि हरणांची वाट दोन टेकड्यांच्या मधून येणारी. एका आडव्या पडलेल्या झाडामागे आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो. बोलायचं नाही, खोकायचं नाही. मी आयुष्यात इतकी गप्प कधी बसले नव्हते.

चौथ्या सकाळी एक मादी आली. जवळ आली, थांबली. ब्लियाने चाप ओढला. क्रॉसबोचा आवाज झाला, मादी उडी मारून गेली, आणि बाण भलतीकडेच झाडात जाऊन रुतला. आम्ही उठून पाहिलं. मध्ये करंगळीएवढी फांदी होती, ती कापली गेली होती. फांदी तिला दिसलीच नव्हती.

घरी आल्यावर फेंगने मला विचारलं, आणि मी खोटं कशाला बोलू, सांगितलं. त्याने लगेच चुलतभावांना फोन लावला. मला स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं. "झाडाची शिकार केली म्हणे वहिनींनी. मान-बरगड्या कुणाला हव्यात ते विचारा." दोन दिवसांत ते अख्ख्या गावातल्या लोरांना पाठ झालं. बाजारात एक बाई तिला म्हणाली, "झाड शिजलं का गं?"

"शिजतंय," ब्लिया म्हणाली. "जून होतं."

त्या दुपारी ती मला घेऊन परत त्या जागी गेली. आडव्या झाडामागे बसली आणि मला पुढे उभं केलं. मी ओणवी होऊन हरणासारखी वाटेवरून चालत होते आणि ती सांगत होती, "थांब. ती काटकी मोड. थांब. ती नाही, खालची." असं आम्ही तासभर केलं. कुणी पाहिलं असतं तर आम्हाला दोघींनाही डॉक्टरकडे नेलं असतं.

मग सलग पाच दिवस काहीच नाही. एक दिवस पाऊस, एक दिवस बर्फाची भुरभुर. माझे पाय बधिर व्हायचे. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "जाऊबाई, उद्या विश्रांती घेऊ या का?" ती म्हणाली, "तू घे. मी जाते." मग मीही गेले.

ऊन नुकतं झाडांच्या शेंड्यांना लागलं होतं. आधी पावलं ऐकू आली. वाळल्या पानांवर, न घाबरता. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. एक नर, दोन फाट्यांची शिंगं, मान खाली घालून बोंडं वेचत. चाळीस पावलांवर उभा राहिला. माझ्या पाठीला तिची पाठ लागलेली होती, ती हलली नाही. तीस पावलं. तरी हलली नाही. मला वाटलं ती झोपली की काय. तो बावीस पावलांवर आला, आडवा झाला, आणि त्याने मान वळवून मागे पाहिलं. तेव्हा तिच्या पाठीतला श्वास थांबलेला मला जाणवला आणि क्रॉसबो वाजला.

तो उधळला, टेकडीमागे दिसेनासा झाला. मी उठायला गेले, तिने माझा हात धरला. "अर्धा तास. आता त्याच्या मागे गेलं तर तो कोसभर पळेल." तो अर्धा तास ती डोळे मिटून बसली होती. ओठ हलत होते. काय पुटपुटत होती ते मी विचारलं नाही.

रक्ताचा माग स्पष्ट होता. ऐंशी-नव्वद पावलांवर सदाहरित झाडांखाली तो पडला होता, डोळे उघडे. बाण आरपार गेला होता, खांद्यामागे, बरगड्यांमधून, जिथे जायला हवा तिथे. ब्लिया त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. मग ती रडली. थोडंसंच. नाक पुसलं, लायसन्सला जोडलेली शिकारीच्या नोंदीची चिठ्ठी फाडून त्याच्या शिंगाला बांधली आणि सुरी काढली. "धर पाय," मला म्हणाली.

ओढताना माझा जीव गेला. दीड तास लागला. पण ओढलं.

मांसाची वाटणी तिने आपल्या रीतीप्रमाणे केली, प्रत्येक घराला सारखा वाटा. फेंगच्या वाट्याला मांडीचा चांगला तुकडा आला. तो मीच घरी आणला. त्याने तो खाल्ला, आणि चुलतभावांना सांगितलं की आंधळ्याच्या हाती चिमणी लागते तसं झालं. वाहवा वगैरे त्याच्या तोंडून आजवर निघालेली नाही. निघेल असं मला वाटतही नाही.

मात्र नोव्हेंबरात बंदुकीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो नकाशा घेऊन तिच्या दारात गेला. बूट न काढता उंबऱ्यातच उभा राहिला. "वहिनी, ती ओकची जागा नेमकी कुठे?"

"कशाला, भावजी?"

"सहज. बघावं म्हटलं."

"जंगल सरकारी आहे," ब्लिया म्हणाली. "शोधा."

तिने दार लावलं नाही, तो जाईपर्यंत उभी राहिली. मग फेंग घरी आला आणि नकाशा माझ्यासमोर पसरून पेन्सिल माझ्या हातात दिली. "तू तर होतीस ना तिथे. दाखव."

मी नकाशाकडे नीट पाहिलं. जागा मला लगेच सापडली.

"मला नकाशातलं काय कळतंय," मी म्हटलं. "मी आपली ओढायला गेले होते."